पिशवीआडची अक्षरं

३ नोव्हेंबर १९९७
सकाळी भोपाळला पोचले. केशवचं क्वार्टर मनापासून आवडलं. कारखान्याच्या टाउनशिपमधले रुंद रस्ते, पुढे पपईची दोन झाडं, आणि नागपुरात नसलेली शांतता. भाऊ वाळलाय, पण जीभ शाबूत आहे. मला बघून म्हणाला, या, हेडमास्तरीण आल्या.
सगळं नीट लिहून ठेवते. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. पोटात बसवलेल्या नळीतून दिवसातून चार वेळा दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं आणि काही तासांनी ते काढून नवं भरायचं. चार महिन्यांत दोनदा पोटात जंतू गेले. तिसऱ्यांदा गेले आणि औषधाला दाद दिली नाही, तर नळी काढावी लागेल. रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनवर त्याचं हृदय टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणजे ही नळी आहे तोवर केशव आहे. म्हणून मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली.

८ नोव्हेंबर
हॉस्पिटलात पाच दिवस शिकून आजपासून सगळं माझ्याकडे घेतलं. खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, घड्याळ लावून हात धुणं. निघालेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची. आरपार अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ. केशव स्वतःच्या पोटातल्या पाण्यातून लग्नाच्या जाहिराती वाचतो. "पंचेचाळीसपर्यंतची चालेल म्हणतात, ताई. कळवू का?" मास्कमध्ये मी चंबळची डाकू दिसते म्हणे.
रजनीला, केशवच्या बायकोला, मी सांगितलं की यापुढे त्याच्या खोलीत फक्त मी जाईन. ती म्हणाली, "वन्सं, चार महिने मी काय शेणात हात घालून करत होते का?" खोलीला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. हे केशवसाठी केलं की तिला दाखवायला? खात्रीनं सांगता येत नाही.

१३ नोव्हेंबर
पाणी स्वच्छ. जाहिरातींतले बारीक पत्तेसुद्धा वाचता आले. माझे हात मात्र साबणानं फुटलेत, बोटांच्या पेरांवर चिरा पडल्यात. रजनी माझ्याशी कामापुरतंच बोलते. पोळी ताटात वाढत नाही, टाकते. शेजारच्या बाईंना ती अंगणातून मुद्दाम मोठ्यानं सांगत होती की आमच्याकडे आता हॉस्पिटलची बडी दीदी आलीय.

१४ नोव्हेंबर
दुपारी केशव म्हणाला, मघाशी मास्क न लावता आलीस ते बरं केलंस, किती दिवसांनी तुझं तोंड पाहिलं.
मी तेव्हा मागे कपडे वाळत घालत होते. किल्ली गळ्यात होती.
डुलकी लागली असेल त्याला. पण नळीचं टोपण ओलं होतं. सकाळी ते मी कोरडं पाहिलं होतं. पाहिलं होतं ना?

१५ नोव्हेंबर
पिशवी कागदावर ठेवली. अक्षरं नाहीत. तांदळाच्या धुवणासारखं पाणी. केशव पोट धरून कण्हतोय.
डॉक्टरांनी पिशवीत घालायचं औषध दिलं. आठवडा बघू, म्हणाले. आम्हा दोघींच्या नाकातले नमुने घेतले. रिक्षात मी रजनीकडे पाहिलं. मनात म्हटलं, हिचंच निघणार. असं वाटल्याची लाज आजच लिहून ठेवते.

१८ नोव्हेंबर
रजनीच्या नाकात काही नाही.
माझ्या नाकात आहे. पिशवीत सापडले तेच जंतू. डॉक्टर म्हणाले, यात गुन्हा नाही, कित्येकांच्या नाकात असतात, त्या माणसाला काही त्रास होत नाही. ते राहतात आणि माणूस जाईल तिथे जातात. नाकात लावायला मलम दिलं. फुटलेले हात बघून म्हणाले की हेही वाईट, चिरांत जंतू बसतात, इतकं कोणी धुवायला सांगितलं?
घरी येऊन किल्ली रजनीच्या हातात दिली. तिनं ती पदराला बांधली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर
आता सगळं रजनी करते. मी त्या बाजूला फिरकत नाही. आज अक्षरं पुसट दिसली म्हणे. देवा.
संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. केशवनं तिला विचारलं होतं म्हणे, ताई आत येऊन न बोलता का गेली? माझे हात कणकेत होते. रजनी बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "वन्सं, किल्ली माझ्याकडे आहे."

२१ नोव्हेंबर
आज रजनीनं तिला पाहिलं. पाठमोरी. माझी निळी साडी, माझा अंबाडा. नळीवर वाकून फुंकर घालत होती — निखाऱ्यावर घालतात तशी —
रजनी धावत बाहेर आली, मी ओसरीत बसलेली. तिनं माझ्या गालाला हात लावून पाहिला. मग आम्ही दोघी आत गेलो. कोणी नाही. केशव हसत होता.
पाणी पुन्हा गढूळ. उद्या संध्याकाळपर्यंत निवळलं नाही तर नळी काढणार.

२२ नोव्हेंबर, दुपार
निघाले. ते माझ्याबरोबर आलं असेल तर माझ्याबरोबर जाईल. रजनीनं अडवलं नाही. फाटकापाशी पहिल्यांदाच पाया पडली.

हबीबगंज स्टेशन
गाडीला तास आहे. बूथवरून घरी फोन केला. केशवनं उचलला. मी आहे म्हटलं, तर म्हणाला, कोण मी? ताई तर इथे माझ्याजवळ — पिशवी लावतेय —
ओरडले. नळी घट्ट धर, रजनीला हाक मार. तो म्हणाला, रजनीला तूच नाही का दुकानात धाडलंस?
फोन कटला.
पुन्हा लावला. उचलला तो — माझा आवाज. शांत. होतंच आलंय, म्हणाली. तू जा.

रिक्षा हलतेय, अक्षर नीट येत नाही. दहा मिनिटं लागतील. पोचले की ही वही खिडकीतून आत टाकते, मी आत जाणार नाही. रजनी, दुकानातून आली असशील तर आधी हे वाच. केशवजवळ जी असेल ती मी नाही, तिला बाहेर काढ. दाराला कडी घाल. जी कोणी दारात येईल — रडेल, हात जोडेल, मी असले तरी — तिला आत