डेस्कटॉपवर एकच आयकॉन

३ फेब्रुवारी, सोमवार
मुलाखत चौदाला, सकाळी अकरा वाजता. बेंगळुरूची कंपनी. स्क्रीन शेअर करून स्वतः केलेलं पंपाचं थ्रीडी मॉडेल दाखवायचंय. अकरा दिवस आहेत, काम चारचं. (आधीची नोकरी गेलेली नाही. प्रोजेक्ट संपला म्हणून इथे सीमाभागात, खासबागेत घरी आले. आठ महिने झाले.)
बेसप्लेट काढली. चार भोकं. फाईल 'पंप' नावाने डेस्कटॉपवर ठेवली. तिथे आधीच एकेचाळीस आयकॉन. असा स्क्रीन बेंगळुरूला दिसणं बरं नाही. आधी हे.

४ फेब्रुवारी
तीन तास लागले. आता एकच आयकॉन: पंप.
आप्पांना, म्हणजे वडिलांना, समजावलं. कोपऱ्यात बाण असला तर तो नुसता शॉर्टकट. काढला तरी मूळ प्रोग्राम जागेवर असतो. बाण नसलेलं गेलं की गेलं. आप्पा रिटायर्ड गुरुजी. गल्लीतल्यांचे सरकारी अर्ज याच मशीनवर टाइप करून देतात, प्रत्येक अर्ज दोनदा: एक मराठीत, एक कन्नडात. कचेरीत कुठल्या टेबलावर कुठली भाषा चालेल सांगता येत नाही म्हणतात. बाणाचं त्यांना पटलं.

५ फेब्रुवारी
सहा आयकॉन. पटलं नव्हतं. कन्नड टायपिंगचा आयकॉन दिसेना, म्हणून आप्पांनी खडेबाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून भरमूला बोलावलं. त्याने प्रोग्राम पुन्हा टाकला, सोबत न मागता कॅलेंडर, ब्राउझर आणि पत्त्यांचे दोन गेम. मी विचारलं तर म्हणाला, "आक्का, स्क्रीन मोकळा बघून गुरुजींस्नी वाटलं, मशीनच गेलं." चहा पिऊन गेला.
पंप उद्यापासून.

७ फेब्रुवारी
शॉर्टकट लपवणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्याने स्वतःचे तीन शॉर्टकट ठेवले. काढून टाकलं. शॉर्टकट राहिले.

८ फेब्रुवारी, दुपारी ४
आप्पांना वेगळं लॉगिन दिलं. सकाळी दिलं. आत्ता ते माझ्याच लॉगिनवर आहेत. तिकडं लई मोकळं मोकळं वाटतं म्हणतात, भाड्याच्या खोलीसारखं.

१० फेब्रुवारी
कायमचा उपाय. स्क्रिप्ट लिहिली, चौदा ओळी. दर पाच मिनिटांनी डेस्कटॉपवरचे शॉर्टकट डिलीट करते. अकरा चाचण्या, अकराही यशस्वी.
पंप डोक्यात पूर्ण आहे. काढणं ही औपचारिकता.

११ फेब्रुवारी
आप्पा आता अर्जच डेस्कटॉपवर सेव्ह करतात. अर्जांना बाण नसतो. शेजारच्या राजमती काकूंच्या रेशनकार्डाच्या एकाच अर्जाच्या चार फाइली. त्या आप्पांच्या फोल्डरमध्ये हलवल्या आणि स्क्रिप्ट सुधारली: 'पंप' या नावाची फाईल सोडून डेस्कटॉपवर जे येईल ते डिलीट, कायमचं. रिसायकल बिनमध्येसुद्धा नाही. आप्पांना तसं बजावलं. म्हणाले, "तुझ्या पंपाला तरी जागा ठेव गं." ठेवली आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी सहाला बसले, संध्याकाळी सातला मॉडेल पूर्ण. इंपेलर, शाफ्ट, केसिंग. चार दिवसांचं काम एका दिवसात, म्हणजे उशीर झाला असं म्हणता येणार नाही. जुन्या 'पंप'मध्ये बेसप्लेट तशीच ठेवून 'पंप अंतिम' या नावाने वेगळं सेव्ह केलं, डेस्कटॉपवरच, उद्या शोधायला नको. सॉफ्टवेअर बंद करून जेवायला गेले.

१४ फेब्रुवारी, दुपारी १
मुलाखत झाली. मशीन पाचच मिनिटं आधी सुरू केलं होतं. स्क्रीनबद्दल कुणाची तक्रार नव्हती. एकच आयकॉन. पंप.
'पंप अंतिम' नव्हता. स्क्रिप्टला ते नाव सांगितलेलं नव्हतं. स्क्रिप्टमध्ये दोष नाही.
बेसप्लेट दाखवली. चारही भोकं अचूक होती. समोरच्या बाईंनी बाकीचा पंप कुठे आहे असं विचारलं. कळवतो म्हणाल्या.
आप्पा दारात उभे होते. बाण होता का, एवढंच विचारलं. नव्हता म्हटलं.

१५ फेब्रुवारी
आप्पांनी माझ्या नावाने कंपनीला अर्ज टाइप केलाय. संगणकातील बिघाडामुळे काम दाखवता आले नाही, तरी पुन्हा एक संधी मिळावी ही नम्र विनंती. एक मराठीत, एक कन्नडात. कंपनीत सगळं इंग्रजीत चालतं हे सांगायला गेले. तोवर त्यांनी प्रिंट काढून पेनाचं टोपण उघडलं होतं.
डेस्कटॉपवर आयकॉन तीन. स्क्रिप्ट तात्पुरती बंद.
सही केली. दोन्हींवर.