तीन पाय अन् एक डोकं

लेह
१० सप्टेंबर

प्रिय शेखर,

परत प्लास्टिकच घेऊन राह्यला ना तू? चिखलीच्या दुकानदाराने पाठवलेला फोटो मला फॉरवर्ड केला, अठराशेचा ट्रायपॉड, वर बॅग फुकट, अन् खाली लिहिलं, पाह्य बरं महाद्या, कसा वाटते. कसा वाटणार? पायाच्या कड्या पाह्य, काळ्या चकचकीत, एका उन्हाळ्यात तडकणाऱ्या. मधला दांडा वर ओढला की उंटाची मान. सहा वर्षांपूर्वी जालन्याहून तू चौदाशेचा आणला होता तोही असाच. मी तेव्हाच म्हटलं होतं की लग्नात लाइट बांधायला ठीक आहे, टेकडीवर न्यायला नाही. तेव्हा तू न विचारता आणला. आता विचारून तोच आणणार असशील तर विचारतो काऊन बे?

सातवी शिकलेल्याचं काय ऐकायचं, असं तुझ्या मनात येत नसेल, तुझ्या वडलांच्या, काकांच्या येते. येऊ दे. सुरत झालं, हैदराबाद झालं, कुठंच सहा महिन्यांवर माझा पाय ठरला नाही, पण इथं तिसरा सीझन चालू आहे. स्टॅन्झिनभाईच्या दुकानात कॅमेरे, लेन्स, ट्रायपॉड भाड्याने मिळतात. पुण्या-बंगलोरची माणसं डोंगराचे फोटो काढायला आली की सामानासोबत मीही भाड्याने जातो. एकेकाचा ट्रायपॉड आपल्या साखरखेर्ड्यात जुनी मोटारसायकल येईल एवढ्या किमतीचा. चढावर तो माझ्या खांद्यावर, अन् फोटोत साहेबाच्या. संध्याकाळी ते हॉटेलात गेले की मी पायांतली वाळू धुतो, कड्या पुसतो, कोणता पाय किती महिने टिकला ते पाहतो. दुकानदार विकून मोकळा होतो, धुणाऱ्याला खरं कळते.

म्हणून नीट ऐक. पायाच्या जोडात धातू पाहिजे. पाय तीन तुकड्यांचाच घे. चार-पाच तुकड्यांच्या पायाची घडी लहान होते म्हणून लोक भुलतात, पण त्याचा शेवटचा तुकडा उदबत्तीएवढा असतो अन् वाऱ्यात थरथरतो. मधला दांडा न उचलता कॅमेरा तुझ्या डोळ्यापर्यंत आला पाहिजे, दांडा उचलला म्हणजे तीन पायांचं काम एका पायावर आलं. पाय आवळायच्या कड्या दोन तऱ्हेच्या असतात, पिळायच्या अन् खटक्याच्या. इथं सारे पिळायच्या मागतात, पण आपल्या काळ्या मातीचा चिखल त्या आट्यांत एकदा बसला की दिवाळीपर्यंत निघत नाही. तू खटक्याची घे. बंद आहे का उघडी ते लांबून दिसते, कोणी कोणाला विचारायची पाळी येत नाही. कार्बनचा हलका असतो, तो पैसेवाल्यांचा. तू अॅल्युमिनियमचा घे अन् जड आहे म्हणून कुरकुरू नको. बुडाला आकडा असला पाहिजे, त्याला पिशवीत दगड भरून टांगायची, त्या टेकडीवरचा वारा तुला माहीत आहे. अन् रबराचा बूट काढला की आत लोखंडी टोक निघते, ते पाहूनच घे, कारण काकांच्या खडकातल्या खळग्यांत रबर बसत नाही. हे झालं पायांचं. डोक्याचं पुढं सांगतो.

त्या खळग्यांची मला इथं सारखी आठवण येते, हसू नको. इथले साहेब लोक दर दहा पावलांवर ट्रायपॉड उभा करतात, उचलतात, परत उभा करतात, सारा डोंगर पालथा घालतात अन् तरी म्हणतात फ्रेम भेटत नाही. काकांनी टेकडीच्या बरडावरच्या खडकात छिन्नीने तीन खळगे कोरले अन् त्यांची फ्रेम कायमची भेटली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तीच जागा, तीच दिशा, वर्षाला एक फोटो. पहिल्या फोटोत नुसती ज्वारी अन् कापूस अन् मधून बैलगाडीची वाट. मग वाटेचा रस्ता झाला, मग टॉवर आला, मग शेततळ्याचा निळा कागद, अन् मग बियाण्यांच्या शेडनेटनी सारा उतार पांढरा होत गेला. पासपोर्ट फोटोला आलेला माणूस केस विंचरायचं विसरून काकांच्या स्टुडिओच्या भिंतीवर आपलं वावर शोधत बसायचा. काकांना मी काहीही म्हणेन, पण ती भिंत त्यांनी कमावलेली आहे. एकोणीस फोटो, मग एक रिकामा खिळा, मग पुढचे पाच. त्या खिळ्यावर त्यांनी दुसरं काही टांगू दिलं नाही, कॅलेंडर सुद्धा नाही. अन् खिळ्याच्या बरोबर खाली तुझी झेरॉक्सची मशीन.

मी गाव सोडलं तेव्हा मशीन नवीनच होती. तू कागद सरकवत होता अन् काका गिऱ्हाईकासमोर म्हणाले होते, "ज्याले तीन पाय सांभाळता येत नाही, त्याच्या हाती कॅमेरा काय देऊ?" तू मान खाली घालून विचारलं, किती प्रती. सहा वर्षं झाली, तू अजून प्रतीच विचारून राह्यला. सख्ख्या बापाच्या स्टुडिओत तुला बाळाचा फोटो काढता येत नाही, लग्नाच्या ऑर्डरीला काका बाहेरचा माणूस आणतात. पाच वर्षं ते एकटे टेकडी चढले, स्वतःच्या पाठीवर सामान घेऊन, पण तुला सोबत नेलं नाही. आता त्यांचे गुडघे गेले तर म्हणतात भिंत इथंच थांबली, फोटो बंद. तू म्हणतो मी जातो, ते म्हणतात कॅमेरा कपाटातून निघणार नाही. अन् तू काय करून राह्यला, तर चोरून अठराशेचा ट्रायपॉड घेऊन राह्यला, म्हणजे तो पाहून काकांचं मन पालटेल. तुला वाटते काकांना ट्रायपॉडचा राग आहे?

मला तुझा राग येतो शेखर. सहा वर्षांत एकदा तरी उलटून बोलायचं होतं. "पाय मी कसला होता, तिन्ही कड्या स्वतःच्या हाताने बंद केल्या होत्या," एवढं काकांना ओरडून सांगायचं होतं. कॅमेरा पडला त्या दिवशी घरी येताना तू नुसतं म्हणाला, कसला होता असं वाटते, पण ध्यानात नाही. वाटते काय? ज्याने कसला त्याला माहीत नसेल तर कोणाला असेल? तू ठामपणे बोलला असता तर गोष्ट तिथंच फुटली असती. तू गप राहिला, अन् गप राहणाऱ्याच्या माथी काहीही मारता येते, हे मला कळलं.

अन् गेल्या महिन्यात माझ्याच माथी मारलं गेलं. पुण्याचे एक साहेब होते, तळ्याकाठी पहाटे उभा केला त्यांचा ट्रायपॉड, वारा असा की कान फाटावे. मी बुडाला दगडाची पिशवी बांधत होतो. साहेबांनी वरून कॅमेरा काढला, लेन्स बदलली, बोटं गारठलेली, कॅमेरा परत ठेवला अन् तो निसटून खाली आला थेट दगडगोट्यांवर. मी वर पाहिलं तोवर साहेब स्टॅन्झिनभाईला सांगत होते, "इसने पैर टाइट नहीं किया." पाय तिथंच उभे होते, तिन्ही, माझ्या हाताला लागून. स्टॅन्झिनभाईने ते पाहिलं, गिऱ्हाईकाकडे पाहिलं, अन् मला पंधरा दिवस दुकानात धुण्याला बसवलं. मी बोललो नाही. तुला शिव्या दिल्या ना वर, त्या मलाही लागू आहेत. तोंड उघडणार होतो, पण वाटलं कोण मानणार. साहेबाने नंतर परतीच्या अख्ख्या वाटेत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. गाडीत मी मागे बसलो होतो अन् मला त्याची फक्त मान दिसत होती, अन् त्या मानेवरून मला सारं समजत होतं. ती मान मला चांगलीच ओळखीची आहे.

आता डोकं. तू पायांचंच विचारलं, डोक्याचं कधीच विचारलं नाही, म्हणून मीही सहा वर्षं सांगितलं नाही. ट्रायपॉडचं डोकं म्हणजे ज्यावर कॅमेरा बसतो ते. एक गोळ्याचं येते, एक खिट्टी सैल केली की चहूकडे फिरते, घाईच्या माणसाला चांगलं. तुला घाई नाही, वर्षाला एक फोटो काढायचा, तर तीन दांड्यांचं घे. एक दांडी हलवली तरी बाकीच्या दोन दिशा जागच्या हलत नाहीत, अन् जमीन-आभाळाची रेघ वाकडी होत नाही. पाणसळीचा बुडबुडा असलेलं घे. डब्यावर जेवढं वजन पेलते म्हणून लिहिलं असेल त्याचं अर्धंच खरं धर. अन् कॅमेऱ्याच्या बुडाला जी पट्टी लागते, ती डोक्यात बसताना टक असा आवाज आला पाहिजे. टक ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही. टक झाला, मग खिट्टी आवळायची, मग कॅमेरा धरून एकदा वर ओढून पाहायचा.

त्या दिवशी टक झाला नव्हता. तुझे पाय पक्के होते शेखर, तिन्ही खळग्यांत, तिन्ही कड्या बंद. काकांनी ऊन निघायच्या आधी दोन फोटो काढले अन् ढग सरेपर्यंत तंबाखू मळायला खडकाआड गेले. तुला त्यांनी गाडीवरून लेन्स पुसायचं फडकं आणायला पाठवलं. मी कॅमेऱ्याजवळ एकटा राहिलो, पाच मिनिटं असतील. खाली बांधावरून बायका शेडनेटात बियाण्याच्या फुलांच्या कामाला चालल्या होत्या अन् त्यांत माझी माय होती, लाल साडी, सगळ्यांच्या मागे. भिंतीवर साऱ्या गावाची वावरं होती. आम्हाला वावरच नाही, मग आम्ही कुठंच नव्हतो. अन् चार वर्षं काकांची बॅग वाहून मला एकदाही बटन दाबू दिलं नव्हतं. मी कॅमेरा काढला, पुढं जाऊन एकदा दाबलं. काकांचं खाकरणं ऐकू आलं तसा धावत येऊन ठेवला. आवाज झाला नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. तेवढ्यात तू आला, काका उन्हाकडे पाहत तुला म्हणाले जरा खाली झुकव, तू हात लावला अन् कॅमेरा सुटला. तू झेप घेतली, तुझ्याच धक्क्याने ट्रायपॉड आडवा झाला अन् प्लास्टिकची कडी तडकली. काका वळायच्या आत मी म्हटलं, "काका, मागचा पाय सटकला." कोणी विचारलंही नव्हतं. कॅमेरा बंद पडला, त्याचं झाकण उघडून कार्ड माझ्या चपलेजवळ पडलं होतं, त्यावर मी पाय ठेवला. काका अर्धा तास खडकाच्या भेगांत बोटं घालून ते शोधत होते. मीही शोधत होतो.

परवा तू लिहिलं, या वेळी माझ्या हातून पाय सुटायला नको रे. म्हणजे ते खोटं तू आता खरं मानतो. तुला दोनदा फोन लावला अन् दोन्ही वेळा सोयाबीनच्या भावाचं बोलून ठेवला, म्हणून हा कागद. पत्राच्या घडीत ते कार्ड कागदात गुंडाळून ठेवलं आहे. आधी काकांना कार्ड दाखव, पत्र मागून दे. पहिले दोन फोटो त्यांचे आहेत. उजेड कमी आहे, पण शेडनेटचे खांब मोजता येतील एवढे स्पष्ट आहेत. रिकाम्या खिळ्याचा फोटो सहा वर्षं माझ्या खिशात फिरत होता. तिसरा पाहिला की काकांना काही सांगावं लागणार नाही, ती फ्रेम त्या तीन खळग्यांतून दिसूच शकत नाही हे त्यांच्याशिवाय कोणाला कळणार. त्यात माय नाही, माझा हात हलला, नुसता एक लाल ओरखडा आहे. तो पुसून टाकला तरी चालेल. मला माफ करा म्हणत नाही, माफ केलं तर गावात येऊन तुमच्यासमोर बसावं लागेल अन् ते माझ्याने होणार नाही. काकांना एवढंच सांग की पायांत दोष नव्हता, दोष डोक्यात होता, अन् ते डोकं माझं होतं. मग कपाटाची किल्ली माग. दसऱ्याला बावीस दिवस आहेत, सामान पत्र मिळताच मागव. साडेअकरा पायांचे, सात डोक्याचे. डोक्याचे मी देणं लागतोच, पायांचेही देतो, कारण त्यांच्यावर उगाच आळ होता. तुझ्या खात्यावर सकाळीच टाकले, साडेअठरा हजार.

तुझाच,
महादेव