वाळूवरची लाल साय

बाबा, शोळिंगनल्लूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे, तीन फुटांची. तिच्यात नारंगी-पांढऱ्या माशांची एक जोडी आहे आणि खडकावर वाढणारं एक प्रवाळ. तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी घेतली, त्यामुळे तुम्हाला ठाऊक नाही. पोंगलच्या सुट्टीनंतर तिच्यातल्या वाळूवर लाल, बुळबुळीत थर चढला. आधी मागच्या कोपऱ्यात रुपयाएवढा, मग आठवड्याभरात सगळीकडे, दुधावर साय धरावी तसा. सकाळी काढला की संध्याकाळी पुन्हा हजर. प्रवाळ मिटून बसलं. माझी आठ वर्षांची मुलगी शाळेतून आली की दप्तरासकट टाकीपुढे बसायची आणि विचारायची, "मेलं का गं ते?" शेवटी कोळत्तूरला माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक पुडी दिली. "मॅडम, हे मरुंदु टाका, दोन दिवसांत साफ." इथे औषधाला मरुंदु म्हणतात. मी विचारलं, टाकीतलं पाणी साफ राखणारे चांगले जंतू? तो म्हणाला, "थोडे तेही जातील."

घरी येऊन पुडी कात्रीने कापली आणि तुमची प्रयोगशाळा आठवली. मी दहा वर्षांची आहे. रविवार आहे, पण जलशुद्धीकरण केंद्रात तुमची ड्यूटी आहे. काचेच्या सहा भांड्यांत नदीचं गढूळ पाणी ढवळतंय आणि तुम्ही प्रत्येकात तुरटीचं पाणी मोजून घालताय. तुमची पाठ वळते तशी मी शेवटच्या भांड्यात बरंच जास्त ओतते, लवकर निवळावं म्हणून. बाकीची भांडी निवळतात, माझं गढूळच राहतं. तुम्ही ओरडत नाही. स्टुलावर बसवून तासभर मला ते भांडं बघायला लावता. "पाण्याला घाई कळत नाही," तुम्ही म्हणालात. "कशानं बिघडलं ते आधी बघ. मग हात लाव." मला फार राग आला होता.

मी पुडी तशीच बाजूला ठेवली आणि टाकीपुढे खुर्ची ओढली. तासाभरात दिसलं. खडकामागे पाणी हलतच नव्हतं आणि माशांनी न खाल्लेलं खाणं तिथे साचत होतं. नवरा सकाळी खाणं घालायचा, मुलगी दुपारी, आणि मी ऑफिसच्या प्रत्येक कॉलनंतर चिमूटभर. खाणं दिवसातून एकदाच घालायचं ठरलं. पाणी फिरवणारा छोटा पंप त्या कोपऱ्याकडे वळवला. दर रविवारी बारीक नळीने लाल थर ओढून काढायचा आणि तेवढंच नवं खारं पाणी भरायचं. दोन आठवडे काही फरक नाही. नवरा म्हणाला, "टाक ना ते औषध, मोकळी हो." नाही टाकलं. पाचव्या रविवारी वाळू पांढरी राहिली, आणि परवा प्रवाळ उघडलं.

मुलीने विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"तुझ्या आजोबांनी."

"ते मासे पाळायचे?"

"नाही. अख्ख्या गावाला पाणी पाजायचे."

 हे सांगताना मला बरं वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. कॉलेजच्या प्रवेश-अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'इंजिनिअर' लिहिलं होतं. 'फिल्टर ऑपरेटर' लिहायची लाज वाटली. तुम्ही न वाचता खाली सही केलीत, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तुम्ही तर पोस्टमनच्या कागदावरही वाचल्याशिवाय सही करत नव्हता.