पूजेच्या दिवशीच्या चौऱ्याऐंशी विटा

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

आज रजिस्टरमध्ये खोटी वेळ लिहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

म्हैसूरजवळ कडकोळला आमच्या विटांच्या यार्डात आयुधपूजा होती. आमचे मालक शेषगिरी सर — त्यांचा हट्ट, पूजा झाली की लगेच प्रेसमधून वीट निघाली पाहिजे. म्हणून साडेनऊला माती, वाळू, सिमेंट, पाणी सगळं कालवून ठेवलं. पुजारी दहाला येणार होते. आले पावणेबाराला! शेजारच्या तीन कारखान्यांची यंत्रं आधी पुजून. मग मंत्र, हळदकुंकू, कोहळा फोडणं. साडेबारा वाजले.

आमची वीट भट्टीत जात नाही. माती दाबायची आणि अठ्ठावीस दिवस ओली ठेवायची. बळ येतं ते त्यातल्या थोड्याशा सिमेंटचं. म्हणून कालवलेला माल अर्ध्या तासात दाबायचाच. हा नियम यार्डात सगळ्यांना मीच ऐकवतो. आज तीन तास झाले होते. टाकून देऊ म्हणालो. शेषगिरी सर चुरमुरे वाटता वाटता हसले — देवीपुढचा माल उकिरड्यावर टाकतोस काय? प्रेस चालवणारे चिदंबरण्णा दांड्याला हार घालत होते. म्हणाले, "पाणी मार रे. सिमेंटला काय घड्याळ कळतं?"

मारलं पाणी. चौऱ्याऐंशी विटा निघाल्या. माल कालवल्याच्या वेळेपुढे मी १२.२० लिहिलं.

२ ऑक्टोबर

सुटी. आई म्हणाली, टीव्हीवर दसऱ्याची जंबू सवारी लागलीय, बस की. बसलो. एकही हत्ती आठवत नाही.

६ ऑक्टोबर

वल्लरी मॅडम आल्या होत्या. कुवेंपुनगरच्या घराच्या आर्किटेक्ट. मूळच्या पुण्याच्या, त्यामुळे माझं बोलणं ऐकून नेहमी हसतात. "देवेश, तुझ्या मराठीत क्रियापद मराठी आणि बाकी सगळं म्हैसूर." मी पण हसलो. एरवी बरं वाटतं.

घर दोन मजली. सिमेंटचे खांब नाहीत, सगळा भार भिंतींवर. पाया खणताना निघालेलीच माती, तिच्याच विटा — बाहेरून माती नाही, भट्टीचा धूर नाही. मॅडम हे ज्याला त्याला सांगतात. जूनमध्ये पहिल्या विटा लॅबमध्ये पास झाल्या. तेव्हापासून लॅब नाही, माझ्या रजिस्टरवर काम चाललंय. मॅडमनी आज ते चाळलं. ऑक्टोबरच्या पानावर थांबल्या. त्या म्हणाल्या, अक्षर छान आहे.

३० ऑक्टोबर

मुदत भरली. चौऱ्याऐंशी विटा ट्रॅक्टरवर चढल्या. मी चढवल्या.

७ नोव्हेंबर

साइटवर गेलो होतो. मागच्या खोलीची भिंत दाराच्या उंचीपर्यंत आलीय. यार्डात कुठला थर कुठे रचला याचा नकाशा मी रोज काढतो, आणि तो ट्रॅक्टर कुठे रिकामा झाला ते गवंड्यांनी सांगितलं. पूजेच्या विटा याच भिंतीत. एकोणीस विटा उरल्यात, बाकीच्या आत गेल्या.

तुंगा टीचर आल्या — घर त्यांचं. शाळेतून निवृत्त झाल्या, एकट्याच राहणार. भिंतीवरून तळहात फिरवत कन्नडमध्ये विचारलं, ही माझ्याच जागेतली माती ना? हो म्हणालो. मग दोन पावलं मागे जाऊन दाखवलं, पलंग इथे. उशी त्या भिंतीला.

सोमवारी, २४ तारखेला, वरचा स्लॅब टाकणार आहेत.

८ नोव्हेंबर

उरलेल्यांतली एक काल बादलीत बुडवून ठेवली होती. आज सकाळी खिळ्यानं ओरखडली. चांगल्या विटेवर रेघ उठते. हिचा कोपरा हातात आला.

चुकून असं झालं असेल म्हणून दुसरी बुडवली. संध्याकाळी तेच.

९ नोव्हेंबर

सांगायचं. ठरलं. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, चारदा खोडलं. शेवटी उरलं एवढंच — माल तीन तास जुना होता, वेळ मी खोटी लिहिली.

१० नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. साइटवर, उभ्या उभ्या. कागद खिशातच राहिला.

मॅडम ओरडतील म्हणून तयारी करून गेलो होतो. ओरडल्या नाहीत. पुजारी किती वाजता आले, पाणी किती मारलं, एक एक विचारलं. मग म्हणाल्या, "जुना माल दाबला ती चूक शेषगिरींची. वेळ तू लिहिलीस. आता बाकीच्या पानांवरच्या वेळा मी खऱ्या का मानायच्या, सांग?"

बाकीच्या सगळ्या खऱ्या आहेत! पण हे मी म्हणतो, आणि मी कोण?

बसनं येताना सुचलं. लॅबला पूजेच्या सहा विटा जातीलच. त्यांच्याबरोबर सहा चांगल्याही पाठवायच्या — वेगवेगळ्या दिवसांच्या, मॅडमनी स्वतः बोट ठेवून निवडलेल्या. माझ्या पानांची परीक्षा होऊन जाऊ दे. फोन केला. "चालेल," एवढंच म्हणाल्या.

११ नोव्हेंबर

शेषगिरी सरांचा दिवस. सगळ्यांसमोर म्हणाले, "एनप्पा, काय रे हरिश्चंद्रा! उद्यापासून देवळात घंटा घेऊन बस, रजिस्टर चिदंबर बघेल." लोक हसले. चिदंबरण्णा हसले नाहीत, मान खाली घालून माती चाळत राहिले. पूजेच्या विटा तपासायला पाठवतोस ते समजलं, चांगल्या कशाला — हे सरांनी तीनदा विचारलं. मी तीनदा तेच सांगितलं: माझं लिहिलेलं खरं आहे की नाही ते कळायला.

नोकरीवरून काढतो म्हणाले नाहीत. ठेवतो असंही नाही.

दुपारी चिदंबरण्णांनी डब्यातली चित्रान्नाची, लिंबूभाताची अर्धी मूद माझ्या झाकणात टाकली. माझं नाव सांगितलंस? विचारलं. मी म्हणालो, घड्याळाचं सांगितलं, तुमचं नाही. ते म्हणाले, "सांगायचं होतंस. मीच म्हणालो होतो."

१३ नोव्हेंबर

बारा विटा कॉलेजच्या लॅबमध्ये पोचवल्या. प्रत्येकीला रंगानं नंबर. पूजेच्या एक ते सहा, चांगल्या सात ते बारा. पावती दोनदा वाचली.

१५ नोव्हेंबर

रिपोर्टची वाट न बघता मागची भिंत उतरवायची, असं मॅडमनी ठरवलं. पहिला थर मी काढला. गवंडी काढू देईनात — तुझं काम नाही हे, हात फुटतील. फुटले. चिदंबरण्णा सुटी टाकून आले होते.

तुंगा टीचरना मॅडमनी सगळं सांगितलं. त्या खुर्ची घेऊन समोर बसल्या. संध्याकाळी जाताना मला म्हणाल्या, मुलं चूक झाकतात ती पट्टीच्या भीतीनं, मी पट्टी कधी ठेवली नाही. मग विचारलं, बाकीचं घर ठीक आहे ना?

छातीवर हात ठेवून हो म्हणालो.

१७ नोव्हेंबर

भिंत पुन्हा उभी राहतेय. ऑगस्टच्या विटा, माझ्या पानांवरच्या सगळ्यांत नीट नोंदलेल्या. स्लॅब २४ लाच. शेषगिरी सर आज "काय देवेश" म्हणाले. झोप लागली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रिपोर्ट आला. लॅबच्या मापानं विटेला किमान साडेतीनचं बळ लागतं. एक ते सहा नापास, ते माहीतच होतं. सात ते बारा — पाच नापास. दोन, एक पूर्णांक आठ, दोन पूर्णांक एक. ऑगस्टची पण.

त्या पानांवरची वेळ खरी आहे. प्रमाण खरं, दिवस खरे. तरी नापास. जूननंतर बळ कुणी मोजलंच नव्हतं.

मॅडमना फोन करून आकडे वाचून दाखवले. स्लॅब रद्द. तुंगा टीचरना मी सांगते, त्या म्हणाल्या. मी म्हणालो, नको. त्यांना 'हो' मी म्हटलं होतं, मीच सांगतो.