टपावरचा लाल तुकडा

प्रिय ऑर्विल,

गेल्या महिन्यात तुम्ही दिलेल्या पिकअपच्या मागच्या हौद्यावरचा टप अखेर घासायला घेतला. नेवाडाच्या उन्हाने त्याचा लाल रंग पार खडूसारखा झाला होता, हात लावला की पांढरी भुकटी निघायची. मी घाईघाईत पुढच्या बाजूला वरूनच मेण चोळलं, तर शेजारची व्हर्ना म्हणाली, "अगं बाई, तोंड न धुताच पावडर थापलीस की!" मग तीन दिवस पाणी मारत बारीक पॉलिशपेपरने घासत बसले.

तुम्ही आईशी लग्न केलंत तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुमच्या शेजारी बसायचं नाही म्हणून मागे टपाखाली बसायचे. एकदा शाळेपाशी उतरताना कोटाच्या खांद्याला ती पांढरी भुकटी लागली, आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "तू माझा बाप नाहीस, आणि तुझी गाडीपण घाणेरडी आहे!" पुढे कोट कधी माखला नाही. मला वाटलं, मीच जपून उतरायला शिकले.

काल मागच्या दाराच्या कडेशी पोचले, तर तिथे घासायला काही नव्हतंच. नऊ वर्षांच्या पोरीच्या खांद्याइतक्या उंचीवर तळहाताएवढा लालभडक तुकडा, त्यावर मेणाचे थरावर थर. वरचा तर ताजाच होता.

मी घर सोडून बावीस वर्षं झाली, ऑर्विल.

हे पत्र टाकत नाही. रविवारी गाडीच घेऊन येते. तुम्ही चालवा, मी पुढे बसेन.

तुमची,
लोरीन