मन्दिर जाने बाटो

औरंगाबाद, २२ नोव्हेंबर १९८७

तीर्थरूप कडूबादादास,

सुगंधाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा, वहिनींचा खोकला आणि नव्या मेंढरांची खुरं बरी असतील असं धरून चालते. तुझं कार्ड पोचलं. लक्ष्मीबाईच्या ताटात जेवलेल्या बहिणीकडं पाव्हण्यांच्या, म्हणजे ह्यांच्या, श्राद्धालाही येणार नाही, असं तू लिहिलंस. आमच्याबरोबर आलेल्या तुझ्या गावच्या चंपाबाईनं यात्रेच्या बसमधून उतरल्या उतरल्या एसटी धरून तुला बातमी दिली. तिच्या पायात जोर आहे हे मान्य. पण बातमी चुकीची आहे, म्हणून सगळं लिहिते.

लक्ष्मीबाई माझी शेजारीण, नामांतरासाठी आठ दिवस हर्सूलच्या तुरुंगात राहून आलेली. हे गेले तेव्हा महिनाभर माझी चूल तिनंच पेटवली. तिला लुंबिनी बघायची होती, मला पशुपतिनाथ. बस एकच.

काठमांडूत दर्शन सकाळीच उरकलं. यात्रा नेणारे साहेबराव म्हणाले, पाचपर्यंत मोकळ्या आहात, परक्या देशात हरवू नका. परका देश कसला, पाट्या सगळ्या आपल्या अक्षरात! मी तर गुलमंडीपासून छावणीपर्यंतच्या पाट्या वाचूनच वाचायला शिकले. (आईनं शाळेत तुला धाडलं आणि मेंढरांमागं मला. तू तिसरीत शाळा सोडलीस, हे उगाच आठवलं.) म्हणून मी पुढं, लक्ष्मीबाई मागं.

एका चौकात बाण काढलेली पाटी होती, 'मन्दिर जाने बाटो'. मी मोठ्यानं वाचली आणि जागीच थांबले. मंदिरात जा आणि बाटून या? आम्ही तर सकाळीच जाऊन आलो होतो. लक्ष्मीबाई म्हणाली, "आमाला तर हे पिढ्यान्‌पिढ्या सांगायलेत, बाई. इथं निदान पाटी तरी लावली." फुलं विकणाऱ्या म्हातारीला मी आपल्या छावणीतल्या हिंदीत विचारलं, तेव्हा कळलं, बाटो म्हणजे रस्ता. ज्या शब्दाला भिऊन आपण भांडी विस्तवातून काढतो, त्यावरून तिथं रिक्षा जातात.

पुढं 'खाजा घर' दिसलं. लग्नातला खाजा समजून आत शिरलो, तर पुढ्यात आली कोरड्या पोह्यांची रास, बटाटे आणि डोळ्यांत पाणी आणणारं लोणचं. (पोहे भिजवून मागितले तर मालकीण हसत सुटली.) चहा मागताना मी ह्यांच्या वेळच्या सवयीनं अजूनही दोन बोटं दाखवते, घरी सुनेलासुद्धा. त्या दिवशी दुसरा कप प्यायला माणूस होतं. ताट मात्र एकच आलं. मी लक्ष्मीबाईला म्हटलं, "घाल हात." दारातून चंपाबाईनं पाहिलं ते हे.

तेव्हा दादा, नीट समजून घे. मी लक्ष्मीबाईच्या ताटात जेवले नाही. ताट माझं होतं. लक्ष्मीबाई माझ्या ताटात जेवली.

आज्ञाधारक म्हणवत नाही, पण तुझीच धाकटी बहीण,
सुगंधा

ता. क. श्राद्ध पुढल्या सोमवारी. स्वयंपाक मी आणि लक्ष्मीबाई करणार. पंगत एकच. ह्यांचा तुझ्यावर जीव होता, त्यांचं पान तूच वाढायचंस. तू येईपर्यंत कुणी जेवणार नाही.

आणखी एक ता. क. पुतळावहिनींनी परवाच निरोप धाडलाय, तू ये न ये, त्या येताहेत. त्या दिवशी तुझ्या भाकरी कोण थापणार, ते चंपाबाईला विचारून ठेव.