झोपेत कूस बदलली

प्रिय कासवा,

अठरा वर्षांनी बाईंचं पत्र आलं, म्हणजे बाई आता चालल्या की काय, असं वाटलं असेल तर सांगते, मी ठणठणीत आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात. पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय.

आपली पद्धत आठवते ना? केसांना लावतात तसलं जेल काचेच्या नळीत भरायचं, टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही आणि ते पुरतं स्थिर होईपर्यंत वाट पाहायची. याला आपण 'झोपवणं' म्हणायचो. जेल झोपलं की मग मोजमाप. ना धड घन, ना धड द्रव, अशा पदार्थांशी घाई चालत नाही, हे मी जन्मभर शिकवलं. तुला ते शिकवावं लागलं नाही. तू चार-चार दिवस नळीसमोर बसायचीस, म्हणून तर कासव.

गेल्या मंगळवारी माझी शेवटची विद्यार्थिनी संगणकाच्या पडद्यासमोर गप्प बसलेली दिसली. तिची बडबड कधी थांबत नाही म्हणून तिला आम्ही टकळी म्हणतो, त्यामुळे हातातलं काम टाकून मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. चार दिवस ढिम्म पडलेलं जेल कुणी हात न लावता आतल्या आत एका क्षणात सरकलं होतं आणि पुन्हा शांत झालं होतं. आलेखावर एक सुळका. पाच नळ्या होत्या, पाचही आलेखांवर तसाच. अगं, ज्याच्या शेजारी बसून आयुष्य काढलं, ते कधी झोपलेलं नव्हतंच. आतल्या ताणानं ते मुकाट्यानं आपली घडी बदलत होतं. काल मी स्वतः दिवसभर नळीसमोर बसले. डोळ्यांना काहीच दिसत नाही, तरी उठवेना.

मग कपाटातून तुझी निळी वही काढली. तुझं बारीक अक्षर: 'चौथा दिवस. जेलनं झोपेत कूस बदलली.' त्यावर माझी लाल रेघ आणि शेरा: 'दार आपटलं असेल. कविता नको, पुन्हा मोज.' तू पुन्हा मोजलंस. तीन वेळा, तीन रेघा. सगळ्यांदेखत मी म्हणाले होते, "डुलकी हिला लागते आणि नाव जेलचं." सगळे हसले, तूही हसलीस, आणि त्याच वर्षी संशोधन सोडून शाळेत शिकवायला गेलीस. हिच्यात चिकाटी नव्हती, असं मी लोकांना सांगत राहिले.

शोधनिबंधाचा कच्चा खर्डा तयार आहे. तुझी वही पाहून टकळीनं आपणहून तुझं नाव पहिलं घातलंय, माझं मी काढायला लावलं. तुझी संमती हवी, पण तेवढ्यासाठी दोन ओळी पुरल्या असत्या. मी चुकले, कासवा. समोर येऊन सांगायचा धीर होईना, म्हणून लिहिलं. सोबत वही पाठवतेय. रेघा तशाच आहेत. शेवटच्या रेघेखाली अर्धं पान कोरं आहे आणि लाल पेनही त्यातच ठेवलंय. माझ्या शेऱ्यावर तुझा शेरा लिही. कडक लिहिलास तरी चालेल.

उशिरा शिकलेली,
तुझीच,
बाई